मान हलवली आणि तारीख मिळाली

४ जून

ही डायरी मामाने दिली. गेल्या वर्षीची आहे, घड्याळाचे सेल विकणाऱ्या माणसाने दुकानात फुकट दिलेली, त्यामुळे सगळे वार चुकलेले आहेत. डायरी म्हणते मंगळवार, आणि खरा आहे बुधवार. मामा म्हणाला, "घड्याळवाल्याकडे एक दिवस मागे असलेली डायरी. कुणाला दाखवू नकोस, धंदा बसेल." दाखवणार कुणाला? मी लिहितेय ते कुणाशी बोलावं लागू नये म्हणूनच.

आज मला अठरा पूर्ण झाली. सकाळी सकाळी आत्या आली आणि चप्पल काढायच्या आधीच आईला म्हणाली, "झाली ना अठरा? चला, आता डोळे करून टाकू."

जसं काही पडदे शिवून टाकायचेत.

आत्याने स्वतःचे डोळे तीन वर्षांपूर्वी लेझरने करून घेतले. तिचा नंबर होता उणे तीन. तेव्हापासून ती गप्प बसलेली नाही. आमच्या दारात उभं राहून ती समोरच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरचं कोळिष्टक आईला दाखवते. आई म्हणते, "अगं, तो त्यांचा प्रश्न आहे." आत्या म्हणते, "पण दिसतं ना मला." फक्त मोबाईलवर मेसेज आला की ती हात लांब करते, अजून लांब करते आणि शेवटी फोन माझ्याकडे देते. ते वयामुळे, लेझरशी त्याचा काही संबंध नाही, असं तिने आम्हाला बऱ्याच वेळा सांगितलंय.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेआठ. चष्मा काढला की नाकापासून अर्ध्या वितेपर्यंत जग आहे, पुढे नुसती खीर. गल्लीतली पोरं ढापणी म्हणतात. आत्या म्हणाली, "दवाखान्यात जाऊन नुसतं विचारून तर येऊ." मी मान हलवली.

६ जून

दुकानाबद्दल लिहिते, कारण आज दुसरं काही झालं नाही.

मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर एकवीस घड्याळं आणि एकवीस वेळा. पुढे काचेचा काउंटर, त्यामागे मी. मामा आतल्या टेबलाशी, एका डोळ्याला भिंग लावून. मला भिंग लागत नाही. मी चष्मा काढते, घड्याळ नाकाशी आणते आणि मला सगळं दिसतं. खसखशीएवढे स्क्रू, त्यांच्या डोक्यावरची खाच, केसाहून बारीक स्प्रिंग कुठे वाकलीय ते. मामाला भिंगातून सापडलं नाही की तो म्हणतो, "उस्ताद, जरा नाक लाव."

म्हणजे दिवसभर माझा चष्मा डबीत. त्यामुळे गिऱ्हाइकं मला दिसत नाहीत, त्यांचे नुसते ढग दिसतात. जाडा ढग, पिवळा ढग, पिशवीवाला ढग. आणि ढगांशी मी बोलू शकते, ही गोष्ट घरी कुणाला माहीत नाही. ढगाच्या कपाळावर आठी पडत नाही, ढग आपल्याकडे टक लावून बघत नाही. आज एका ढगाला मी म्हटलं, "काका, हे घड्याळ पाण्यात चालतं, पण उकळून प्यायचं नसतं." तो खूप हसला.

एक निळा ढग रोज येतो. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करतो म्हणे. दारात ठेवलेल्या स्टुलाला रोज धडकतो. इतका वेंधळा माणूस मी पाहिलेला नाही, म्हणजे तसा अजून पाहिलेलाच नाही. त्याचं घड्याळ बंद पडतं म्हणतो. मी बघते तर चालू असतं. काल बोलताना त्याचं तोंड कॅलेंडरकडे होतं असं वाटलं. पण बोलतो छान.

१० जून

दवाखाना. सगळं नीट लिहून काढते, म्हणजे माझं कुठे चुकलं ते कळेल.

आधी मशीनमध्ये बघायचं, मग दुसऱ्या मशीनमध्ये बघायचं. मग सिस्टरने डोळ्यांत थेंब घातले आणि अर्धा तास डोळे मिटून बसवलं. उघडले तेव्हा बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या की उजेड टोचायला लागला, आणि माझं ते अर्ध्या वितेचं जगसुद्धा गेलं. तशीच मला डॉक्टरांसमोर बसवली. बाईंचा आवाज शांत होता. त्यांनी डोळ्याचं एक प्लॅस्टिकचं मॉडेल माझ्या हातात दिलं आणि समजावलं.

मला समजलं ते असं. डोळ्याच्या समोर काचेसारखा पडदा असतो, तो कॉर्निया. एक पद्धत म्हणजे त्याचा वरचा पापुद्रा झाकणासारखा उघडायचा, आतून लेझरने घासायचं आणि झाकण लावून टाकायचं. आत्याचं तेच झालं. दुसरी, झाकण करायचं नाही, वरची साय खरवडून वरूनच लेझर मारायचं. त्यात तीन-चार दिवस डोळे झोंबतात. पण दोन्हींत पडदा पातळ होतो, आणि माझा मुळातच पातळ आहे, त्यात नंबर मोठा. म्हणून तिसरी. बारीक चीर देऊन डोळ्याच्या आत एक मऊ लेन्स सरकवायची. ती तिथेच राहते.

मला विचारायचं होतं, ती हलली तर? नको झाली तर? आणि माझं जवळचं, नाकाजवळचं, त्याचं काय होणार? तीन प्रश्न मी ओळीत लावून ठेवले होते.

डॉक्टर म्हणाल्या, "समजलं?"

मी मान हलवली.

"काही विचारायचंय?"

मी मान हलवली. नाही अशी.

"मग करू या आपण?"

आणि मी परत मान हलवली. कशी हलवली ते मला आठवतही नाही, ती आपोआप हलते. आत्याने टाळी वाजवली. बाहेर आलो तेव्हा माझ्या हातात एक कागद होता. आत्याने तो लांब धरला, अजून लांब धरला, मग सिस्टरने वाचला. ऑपरेशन, १२ जुलै.

आम्ही नुसतं विचारायला गेलो होतो. आणि विचारलं तर काहीच नाही.

११ जून

आत्याने सगळ्यांना सांगितलंय. दूधवाल्यालासुद्धा. आई सकाळपासून माझ्याकडे बघून हसतेय. म्हणाली, "आता तुझे डोळे दिसतील गं लोकांना." मला तीच तर भीती.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "चांगलं झालं. तुझं वय आहे, जग बघ." आणि एक टेबलघड्याळ उघडून साफ केलं, बंद केलं, मग तेच परत उघडून साफ केलं. मी म्हटलं, "मामा, हे आत्ताच केलंस." तो म्हणाला, "हो का." त्याला माझ्या ऑपरेशनचं काही विशेष वाटलेलं दिसत नाही.

१५ जून

सराव करतेय. भिंतीवरच्या घड्याळांना डॉक्टर समजून म्हणते, "मला अजून विचार करायचाय." एकवीस वेळा म्हटलं. घड्याळांसमोर एकदम स्पष्ट येतं.

हे मान हलवणं जुनं आहे. नववीत माझा नंबर वाढला होता आणि चष्मा जुनाच होता. फळ्यावर मला फक्त पांढरी धूळ दिसायची. सरांनी विचारलं, "फळा दिसतोय ना?" मी मान हलवली. सर म्हणाले, "मग वाच." मी उभी राहिले. पूर्ण तास उभी राहिले. सरांना वाटलं मी उद्धट आहे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी माझं पोट दुखलं आणि नंतर ते शाळेच्या वेळेला रोज दुखायला लागलं. नवीन चष्मा आला तोपर्यंत मी दुकानात बसायला लागले होते.

शाळा मला आवडत नव्हती, एवढंच. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. का लिहिलं कुणास ठाऊक.

१७ जून

आज हिंमत केली. दवाखान्यात फोन लावला. फोनवर तोंड दिसत नाही, म्हणजे जमायला पाहिजे. पलीकडची मुलगी घाईत होती.

"बोला. बारा तारखेच्या ऑपरेशनबद्दल का?"

"हो."

"वेळ पक्की करायचीय का?"

मला नाही म्हणायचं होतं. माझ्या तोंडून "हो" आलं.

"सकाळी नऊ. रिकाम्या पोटी या की खाऊन, ते नंतर कळवतील. आणि परवा कॉन्टॅक्ट लेन्स न्यायला या, वरून घालायच्या-काढायच्या, डॉक्टरांनी लिहिलंय. आठवडाभर घालून बघायच्या. ठीक आहे?"

मी मान हलवली. फोनवर. ती "हॅलो, हॅलो" करत राहिली.

आधी माझ्याकडे फक्त तारीख होती. आता वेळही आहे.

१९ जून

डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशननंतर जसं दिसेल साधारण तसं या लेन्सने दिसेल, तर आठवडाभर तसं राहून बघ. मग दोन आठवडे लेन्स घालायची नाही, आणि १० जुलैला शेवटची मापं. सिस्टरने लेन्स घालायला शिकवलं. बोटावर ठेवायची आणि डोळ्याला लावायची. माझा डोळा बोट आलं की दुकानाच्या शटरसारखा खाली. पाऊण तास लागला. आत्या बाजूला बसून दोन्ही डोळे मोठे करून दाखवत होती, म्हणजे कसं करायचं ते मला कळावं.

मग बाहेर आले.

झाडाला पानं सुटी सुटी असतात. चष्म्यातूनही दिसायची, पण लहान, आणि कडेला वाकलेली. आज सगळं मोठं आणि सरळ होतं. रस्त्याच्या टोकाची पाटी वाचली. नंतर सगळ्याच पाट्या वाचत आले, आत्या पुढे निघून गेली होती. खोटं कशाला लिहू, मला रडू आलं. सिस्टरने लेन्स घालून रडू नका असं काही सांगितलं नव्हतं.

घरी आईने माझं तोंड हातात धरलं आणि म्हणाली, "डोळे आजीवर गेलेत गं तुझे." अठरा वर्षांनी कळलं.

२० जून

आज लेन्स घालून दुकानात. वाईट दिवस.

ढगांना तोंडं आहेत. जाड्या ढगाला एक भुवई वर ठेवायची सवय आहे आणि तो ती माझ्यावरच रोखतो. पिवळा ढग बोलताना माझ्या कपाळाकडे बघतो. मी काही तोंड उघडलं नाही. मामा आतून दोनदा म्हणाला, "उस्ताद, गिऱ्हाईक उभं आहे." मी मान हलवली. गिऱ्हाईक उभंच.

मग निळा आला. मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं. माझ्याएवढाच आहे, लांब मानेचा, आणि डोळ्यांवर माझ्यासारखाच जाड चष्मा. दारापाशी थांबला, चष्मा काढला, पुसला आणि घालायचा विसरून खिशात ठेवला. केस नीट केले. मग स्टुलाला धडकला.

मी त्याच्याकडे बघत होते. तो काउंटरशी आला, थोडा वेळ थांबला आणि कॅलेंडरच्या दिशेने म्हणाला, "काकू, त्या आज आल्या नाहीत का?"

मी मान हलवली. नाही अशी.

"बरं, मग उद्या येतो," म्हणाला आणि गेला. परत स्टूल.

मला काकू म्हणाला. बहुतेक त्याला कशाचा तरी राग आलाय.

२३ जून

दुसरी गोष्ट. स्क्रू. लेन्स घालून घड्याळ नाकाशी नेलं तर डोळे ताणून ताणून दिसतं, आणि दिसतं तेही लहान. तासाभरात कपाळ ठणकायला लागलं. एक स्क्रू उडाला, तो मी आणि मामा गुडघ्यांवर बसून शोधत होतो. मामा म्हणाला, "होईल सवय." संध्याकाळी त्याने कपाटातून एक नवं भिंग काढून माझ्या जागेवर ठेवलं. पुसून, माझ्या मापाचा पट्टा लावून. "ऑपरेशननंतर लागेल. माझ्यासारखं वापरायचं. त्यात कमीपणा नाही."

भिंग त्याने अकरा तारखेच्या आसपासच आणलेलं असणार, खोक्यावर धूळ होती. म्हणजे मामाला माझी घाईच दिसतेय.

२७ जून

काल लेन्स काढल्या. आज पुन्हा चष्मा डबीत आणि सगळे ढग. एका बाईला मी सासूच्या घड्याळावरून इतकं हसवलं की ती बसली. निळा आला आणि म्हणाला, "आलात का. तुमच्या जागी एक काकू बसल्या होत्या, काही बोलतच नव्हत्या."

चेष्टा करायची त्याची पद्धत वेगळी आहे.

पण पाट्या आठवतात. पानं पण. मला लांबचं पण पाहिजे आणि जवळचं पण. आणि हे कुणाला विचारायचं ते माहीत आहे, कसं विचारायचं ते माहीत नाही. पंधरा दिवस राहिले.

१० जुलै

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल.

शेवटची मापं. आत्या बाहेर बसली होती, सिस्टरला तिच्या टोपीवरचा डाग दाखवत. मला डॉक्टरांच्या खोलीत त्या मोठ्या यंत्राशी बसवलं. हनुवटी कपात ठेवायची, कपाळ वरच्या पट्टीला टेकवायचं. पलीकडून डॉक्टर दुर्बिणीतून बघणार. "आता डोकं अजिबात हलवायचं नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी माझी एक पापणी बोटाने वर धरली. त्यामुळे त्यांचं मनगट माझ्या दुसऱ्या डोळ्यापासून बरोबर अर्ध्या वितेवर आलं. मनगटावर घड्याळ. चौकोनी, पांढरी तबकडी. मला त्याच्यावरची बारीक अक्षरंसुद्धा दिसत होती.

"मग, परवा नऊ वाजता," डॉक्टर म्हणाल्या. "ठरलं ना?"

मी मान हलवायला गेले.

हललीच नाही. हनुवटी कपात, कपाळ पट्टीला. नुसताच यंत्राचा करकर आवाज झाला. "हलू नकोस," डॉक्टर म्हणाल्या. "तोंडाने सांग. ठरलं ना?"

समोर फक्त ते घड्याळ होतं. सेकंदकाटा एका जागी थांबायचा, मग एकदम चार सेकंद पुढे उडी मारायचा. परत थांबायचा.

"डॉक्टर, तुमच्या घड्याळाचा सेल संपत आलाय," मी म्हटलं.

त्या दुर्बिणीतून बाजूला झाल्या. "चालतंय की. वेळ बरोबर आहे."

"वेळ बरोबरच असणार. पण काटा चार-चार सेकंदांनी उडी मारतोय. ते आधी सांगायची त्याची पद्धत आहे. आता लक्ष दिलं तर बरं, नाहीतर एक दिवस काही न बोलता बंद पडेल."

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, बूच निघाल्यासारखं सगळं बाहेर आलं. म्हटलं, मी मान हलवली ती सवयीने. मला विचार करायचाय. ती लेन्स आत हलली तर, नको झाली तर काढता येते का? आणि मी घड्याळं दुरुस्त करते, नाकाशी धरून, ते जाईल का? हे सगळं मी हनुवटी कपात ठेवूनच बोलले. काढ असं कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर हसल्या नाहीत. खुर्ची ओढून जवळ बसल्या. "पहिल्या दिवशी मी तुला विचारलं, डोळ्यांत खुपतंय का? तू मान हलवलीस. मग विचारलं, खुपत नाहीये ना? तेव्हाही हलवलीस. तेव्हाच मी ठरवलं, हिला आधी लेन्स देऊन बघू. आणि परवा सही घ्यायच्या आधी तुझ्याकडून सगळं तोंडाने वदवून घेतलं असतं मी. माने-बिनेवर डोळा उघडत नाही कुणी."

मग एकेक सांगितलं. लेन्स काढता येते, पण ते पुन्हा एक ऑपरेशन. हलण्याची शक्यता कमी, पण आहे, दरवर्षी तपासायला यावं लागेल. काहींना अंधारात दिव्यांभोवती वर्तुळं दिसतात. आणि हो, नाकाजवळचं जाईल. आता वय लहान आहे म्हणून ताणून जमेल, पुढे भिंग लागणारच. "यात बरोबर-चूक काही नाही. तुझे डोळे पुढच्या वर्षीही ऑपरेशनला असेच चांगले असतील. चष्म्याने तुझं काही बिघडत नाहीये. लांबचं पाहिजे तेव्हा अधूनमधून या लेन्स घाल. बोल, काय करायचं?"

"आत्ता नको," मी म्हटलं. "करायचं ठरलं तर मी येऊन सांगेन. मीच."

"आणि याचं काय करायचं?" त्यांनी मनगट पुढे केलं.

"ते आत्ता द्या."

बाहेर आत्या म्हणाली, "इतका वेळ? काय चाललं होतं आत?"

सिस्टर म्हणाली, "त्या बोलत होत्या."

"कोण त्या?" आत्याने विचारलं.

११ जुलै

आत्या माझ्याशी बोलत नाहीये. म्हणजे कमी बोलतेय. आज फक्त दीड तास बोलली. आई म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर?" मी म्हटलं, "आधी मला बोलता येत नव्हतं." माझा चष्मा काढून आईने पदराने पुसला आणि परत घातला.

मामाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." त्याने ते नवं भिंग उचलून कपाटात ठेवलं, कपाट बंद केलं, आणि भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांना चावी द्यायला लागला. त्यातली अर्धी सेलवर चालतात. दिवसभर शीळ घालत होता.

डॉक्टरांच्या घड्याळाला सेल घातला. काटा आता एकेक सेकंद चालतोय.

१४ जुलै

आज दुपारी मी काउंटरवर चष्मा घालून बसले. मुद्दाम.

निळा रस्ता ओलांडून आला. दारापाशी थांबला. चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. केस नीट केले. स्टूल मी आधीच बाजूला केलं होतं. तो आज नेमका स्टुलाला वळसा घालायला गेला आणि दारावरच आपटला.

"तुमचा चष्मा खिशात राहिलाय," मी म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. तेही दिसतं. त्याने चष्मा खिशातून काढून घातला आणि माझ्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे नाही. मीही पाहिलं. भिंतीवरची एकवीस घड्याळं तेवढी बोलत होती. मामाने आतून डोकं काढलं आणि परत आत घेतलं.

शेवटी मी विचारलं, "किती?"

"उणे सात."

"माझा साडेआठ," मी म्हटलं. जरा तोऱ्यातच.

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. "बंद पडतंय." मी उचललं. चालू होतं. गेल्या तीन महिन्यांत ते एकदाही बंद पडलेलं नाही, हे बिचाऱ्याला अजून कळलेलं नाही. पण त्याला सांगून वाईट का वाटू द्यायचं. म्हटलं, "ठेवून जा, बघते."

"मग उद्या येऊ का न्यायला?"

मी मान हलवली. मग आठवलं, आणि तोंडानेही म्हटलं, "या."